असिमिनाच्या घरचा उपवास

१ फेब्रुवारी १९४२. व्रोन्तादो टेकडीच्या पायऱ्यांवरच्या त्या घरात जिवंत माणसे तीन. आदल्या ऑक्टोबरात सहा होती.

सिरोस बेटावर इटालियन सैन्य होते, बंदरात धान्याचे जहाज येत नव्हते आणि तिथल्या खडकाळ जमिनीने स्वतःच्या माणसांचे पोट कधीच भरले नव्हते. आधी आजी गेली, मग झोळीतला भाऊ, मग आई पेलागिया. उरले ते बाप, थोरला भाऊ आणि सहा वर्षांची असिमिना. त्या हिवाळ्यातले सारे तिला लख्ख आठवते असे म्हणणे सोयीचे होईल; खरे तर तिला फार थोडे आठवते. मिठाच्या पाण्यात उकडलेली रानभाजी आणि दाताखाली येणारी वाळू, एवढेच.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते. चौदाव्या वर्षी कापडगिरणी, चोविसाव्या वर्षी जहाजांच्या गोदीत काम करणाऱ्या निकिफोरोसशी लग्न, तिशीला एकुलती मुलगी लुकिया, बासष्टाव्या वर्षी वैधव्य. यातल्या बहुतेक गोष्टी तिच्यासाठी दुसऱ्यांनी किंवा काळाने ठरवल्या. तिने स्वतः ठरवली ती एकच: आपल्या घरी कोणी ताटावरून अर्धपोटी उठणार नाही. तिच्या पिढीच्या सगळ्याच बायकांनी हे ठरवले होते, आणि त्यात खोट काढायची कोणाची प्राज्ञा नव्हती. घराची अब्रू पोरांच्या गालांवर मोजली जाई. गुबगुबीत पोर म्हणजे कर्ती आई. हडकुळे पोर म्हणजे दारिद्र्य, नाहीतर हयगय. दुष्काळ सरून दोन पिढ्या उलटल्या, साखर मातीमोल झाली, तरी ते माप कोणी बदलले नाही. भूक सरायला लागतो त्यापेक्षा मापे बदलायला जास्त वेळ लागतो.

लुकिया बंदरावर बोटींच्या तिकीट कचेरीत कामाला होती. तिचा नवरा स्त्रातिस मालवाहू जहाजावर असे आणि वर्षातून दोनदा घरी येई. त्यांना एकच मुलगी. रिवाजाने तिला बापाच्या आईचे नाव मिळायला हवे होते. पण त्या बाईने मोठ्या मनाने हक्क सोडला, आणि असिमिनाच्या उपाशी मेलेल्या आईचे नाव घरात परत आले. पेलागिया. दुपारी शाळा सुटली की पेलागिया आजीकडे जेवायला येई आणि कचेरी सुटली की लुकिया तिला घेऊन जाई. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा असिमिना त्या स्वयंपाकघरात म्हणे, "पेलागिया, खा." ती हे कोणाला म्हणते, याचा विचार तिने केला नव्हता; करण्याचे कारणही नव्हते.

२००९ च्या हिवाळ्यात पेलागिया दहा वर्षांची होती. फेब्रुवारीत अथेन्सहून मुलांच्या डॉक्टर व्रेत्तूबाई बेटावर आल्या आणि शाळेच्या सांगण्यावरून लुकिया मुलीला त्यांच्याकडे घेऊन गेली. असिमिना न बोलावता मागोमाग गेली.

बाईंनी एक यंत्र आणले होते. त्यावर अनवाणी उभे राहायचे, दोन्ही मुठींत दांडे धरायचे. अंगातून जाणवणारही नाही एवढी वीज जाते आणि शरीरात पाणी किती, मांस किती, चरबी किती हे पडद्यावर उमटते. पेलागियाचे वजन सत्तावन्न किलो भरले. त्यातली बावीस किलो चरबी.

"आजी, घरी काय खाते ही?" बाईंनी विचारले.

"गरिबाघरी असतं ते."

"किती?"

"पोटभर."

"आणि पोट भरलं हे कोण ठरवतं?"

असिमिनाला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला. "पोट तिचं, ताट माझं. आमचं दोघींचं बरं जमतं, डॉक्टरीणबाई."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी सांगितले ते साधे होते. अंडी, दही, मासे, कोंबडी, डाळी चालू ठेवा. पाव, बटाटा, गोड कमी करा. पोरीला पळू द्या, खेळू द्या. तिच्या देखत तिच्या अंगाबद्दल बोलू नका. ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवाराअगोदरच्या शुक्रवारी मी परत येईन, तेव्हा पाहू.

परतताना पायऱ्यांवर लुकिया थांबली. ती बोलायला लागण्याआधी पेलागियाला पुढे जाऊ द्यायला हवे होते. तिने तेवढा दम धरला नाही.

"आई, स्पष्ट सांगते. बाई परत येतील तेव्हा ही चरबी अशीच असली, तर ईस्टरच्या सुट्टीनंतर पेलागिया चारपर्यंत शाळेतच थांबेल. तिथंच जेवेल."

"शाळेत? डब्यातलं गार?"

"गार. पण मोजकं."

"आणि मी?"

"तू रविवारी ये की आमच्याकडे."

"रविवारी पाहुणी म्हणून येऊ? स्वतःच्या लेकीकडे?"

"आई, मला भांडायचं नाहीये."

"मग भांडण काढलंस कशाला?"

असिमिनाचे काय पणाला लागले होते हे पुरते समजून घेतले पाहिजे. तिचे शिक्षण नव्हते, नवरा नव्हता, गिरणी केव्हाच बंद पडली होती. दुपारी दीडला दार वाजते म्हणून ती सकाळी उठत होती. ते दार वाजायचे थांबले, तर तिला कोणी घराबाहेर काढणार नव्हते, कोणी उपाशी ठेवणार नव्हते. फक्त तिची कोणाला गरज उरली नसती. माणसाला अशा तऱ्हेने निवृत्त करता येते, आणि त्याला कोणी क्रूरपणा म्हणत नाही.

तेव्हापासून तिच्या पायांना भिंगरी लागली. घासलेली भांडी पुन्हा घासणे, पडदे काढून धुणे, सज्ज्यात जाऊन बंदराकडे बघणे, परत आत येऊन चूल पुसणे. शेजारची झाम्बेता समोरच्या पायरीवर बसून शेंगा सोलीत असे. ती म्हणाली, "अगं, वेताळ लागलाय का तुझ्या मागं? बघून बघून माझेच गुडघे दुखायला लागले."

उपाय सापडला तो स्वच्छ सोमवारी. त्या दिवशी सारे बेट टेकडीवर जाऊन पतंग उडवते आणि मोठ्या उपवासाला सुरुवात होते: ईस्टरपर्यंत मांस नाही, मासळी नाही, दूध, लोणी, चीज, अंडी काही नाही. असिमिना हा उपवास दरवर्षी कडक पाळी. लेकरांना त्यातून सूट असते. यंदा तिने ठरवले की पेलागियाला सूट नाही. डॉक्टरीण म्हणते कमी करा. देवाने तर बंदच करायला सांगितले आहे. अथेन्सच्या बाईच्या पथ्यापेक्षा देवाचे पथ्य थोर असणार, यात तिला संशय नव्हता.

चूक इथे झाली, आणि ती तिच्यासारखी श्रद्धाळू व सुगरण बाईच करू शकली असती. जे वर्ज्य होते ते नेमके व्रेत्तूबाईंनी चालू ठेवायला सांगितलेले: अंडी, दही, मासे, कोंबडी. आणि जे चालत होते त्याला सीमा नव्हती. तिळाची भाकर. तिळाचे वाटण आणि त्यावर द्राक्षाचा पाक. तिळाचा हलवा. ऑलिव्हच्या तेलात तळलेले बटाटे. टोमॅटोच्या रसातल्या शेवया. भात भरलेली द्राक्षाची पाने. आणि सिरोसची शान असलेल्या, पिठीसाखरेत घोळलेल्या गुलाबी लुकुमीच्या वड्या, ज्यांत दुधाचा थेंबही नसतो. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगीच नाही. त्यात असिमिनाला वाटे की पोर देवासाठी एवढे सोडते आहे, तर निदान जे चालते त्यात तरी कसूर नको. डाळी होत्या, पण पेलागियाला त्या आवडत नसत. मग डाळीच्या ताटाशेजारी बटाट्याचे ताट येई.

दुसरी गोष्ट अशी की उपवास करणाऱ्या माणसाला दमवू नये, हा जुना शिरस्ता. असिमिना शाळेच्या मैदानावर गेली आणि बास्केटबॉल शिकवणाऱ्या तरुण मास्तरांना म्हणाली, "ईस्टरपर्यंत हिला बसवून ठेवा. पोरगी उपासाची आहे."

मास्तर म्हणाले, "आजी, ही बरी खेळते. हात चांगला आहे तिचा."

"हात चांगलाच राहील. पाय जरा थांबू देत."

पेलागिया तेव्हा चेंडू काखेत धरून तिथेच उभी होती. तिने तो हळूच जमिनीवर ठेवला. दुपारी जेवल्यावर ती पूर्वी पोरींबरोबर पायऱ्यांवर वरखाली धावत असे. आता आजी तिला खोलीत पांघरूण घालून निजवू लागली.

दर शनिवारी आजी तिला चौकातल्या औषधवाल्याच्या काट्यावर उभी करी. पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही. दुसऱ्यात तीनशे ग्रॅम उतरला. तिसऱ्यात आणखी. असिमिनाचा आनंद दुकानात मावला नाही. घरापर्यंत येताना वाटेत जितकी दारे उघडी होती तितक्या दारांना ही बातमी कळली.

"काय गं असिमिना," झाम्बेता म्हणाली, "नात जोगीण झाली म्हणे तुझी?"

"सहाशे ग्रॅम! खाली! देवाची करणी आहे सगळी."

"देवाची करणी आणि हलव्याची बरणी. काल मी पाहिली ना, खिडकीतून."

"हलवा उपासाला चालतो."

"चालतो गं. मलाही चालतो. बघतेयस ना माझं कसं चाललंय ते." आणि झाम्बेताने आपल्या मांडीवर थाप मारली.

पेलागिया आजीच्या मागे, दप्तराचा पट्टा चावीत उभी होती. घरात आल्यावर ती म्हणाली, "आजी, सगळ्यांना नको ना सांगूस."

"का? चोरी केलीस का तू? कौतुकच आहे."

"नको पण."

"बरं. बस. शेवया गार होतील."

पुढल्या शनिवारी तिने पुन्हा सांगितले. ती दुष्ट नव्हती. तिला खरोखर कळले नव्हते की एका मुलीचे वजन ही त्या मुलीची गोष्ट असू शकते. लहानपणी तिने मेल्या-उरल्या माणसांची मोजदाद चव्हाट्यावरच झालेली पाहिली होती. पायऱ्यांवरच्या पोरांनी ते उचलले. पेलागिया वर येऊ लागली की कोणीतरी ओरडे, "पेलागिया, आज किती?" आधी एकजण ओरडे, मग सगळे. ते नमस्काराच्या जागी वापरू लागले.

लुकियाचे काय? लुकियाने औषधवाल्याचा आकडा दर शनिवारी विचारला आणि ताटाबद्दल एकदाही विचारले नाही. कचेरीत उभे राहून तिचे पाय भरून येत. नवरा दूर समुद्रात होता. आणि आकडा उतरत होता. उतरणाऱ्या आकड्याला कोणी जाब विचारत नाही.

ठरलेल्या शुक्रवारी तिघी दवाखान्यात गेल्या. असिमिनाने चर्चचे ठेवणीतले कपडे घातले होते. पेलागिया यंत्रावर चढली, दांडे धरले. पडद्यावर आकडे आले. वजन पंचावन्न किलो आठशे.

"एक किलो दोनशे!" असिमिनाने छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली. "घ्या डॉक्टरीणबाई. बोलले होते ना? शाळेच्या डब्यानं नाही झालं, देवानं केलं."

लुकियाने डोळे मिटून सुटकेचा श्वास टाकला. क्षणभर तिने आईचा हात धरला. तिने तो हात बऱ्याच वर्षांत धरला नव्हता.

व्रेत्तूबाई अजून पडद्याकडे बघत होत्या. "काय काय केलंत या दिवसांत? सांगा बरं मला."

असिमिनाने सांगितले. अभिमानाने, एकेक पदार्थ मोजून, काहीही न लपवता. मास्तरांना भेटून आल्याचेही सांगितले, दुपारच्या झोपेचेही.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आजी, वजन उतरलंय हे खरं आहे. पण काय उतरलंय ते पाहायला हवं. चरबी बावीस किलो होती, ती आता साडेबावीस आहे. म्हणजे ती वाढली. कमी झालंय ते मांस आणि थोडं पाणी. यंत्र काही देव नाही, इकडंतिकडं थोडं चुकतं. पण इतकंही चुकत नाही."

"मांस?"

"हातापायांतलं. ज्यानं ती धावते, चेंडू टाकते, ते. ते बनायला लागतं ते तुम्ही बंद केलंत, आणि ते वापरायचं तेही बंद केलंत. मग शरीरानं ते सोडलं."

"पोरीच्या अंगातलं मांस गेलं?" असिमिनाचा आवाज बदलला. तिच्या पिढीला या वाक्याचा एकच अर्थ माहीत होता. "माझ्या घरी? माझ्या ताटावर?"

"आई, जरा थांब," लुकिया म्हणाली.

बाईंनी दोघींकडे पाहिले नाही. त्या पेलागियाकडे वळल्या. "पेलागिया, मला एक सांग. जेवताना आता पुरे झालं, हे तुला कसं कळतं?"

मुलीने विचार केला. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. उत्तर मात्र तिच्याकडे तयार होते.

"आजी बसली की."

"म्हणजे?"

"मी जेवते तेव्हा आजी उभी असते. ओट्यापाशी जाते, परत येते, पाव कापते. तिला अजून काहीतरी वाढायचं असतं. ताट संपलं की मग ती बसते. की मग पुरे."

"आणि नाही बसली तर?"

"तर मग मी पाव घेते अजून."

"तुला भूक असते तेव्हा?"

पेलागियाने खांदे उडवले. "मला नाही माहीत."

असिमिना म्हणाली, "पोरीला भूक असते म्हणून तर मी उभी असते!"

"ती काय म्हणाली ते ऐकलंत ना, आजी?"

"ऐकलं. पण भूक नसताना कोण खातं, डॉक्टरीणबाई?"

हे तिने वाद घालायला विचारले नव्हते. तिला खरोखर माहीत करून घ्यायचे होते. पोट भरलेले असताना, केवळ समोरच्या माणसाच्या जिवाला बरे वाटावे म्हणून कोणी घास गिळत असेल, ही गोष्ट तिच्या आयुष्यात बसत नव्हती. अन्नाला नाही म्हणता येते हेच जिथे कधी शिकायला मिळाले नाही, तिथे हो म्हणण्यातली सक्ती कशी दिसणार? मुलीने मात्र ते फार लवकर शिकून घेतले होते. तिने आजीची अस्वस्थता आपली भूक म्हणून वाचायला सुरुवात केली होती, आणि शाळेत जायला लागल्यापासूनची चार वर्षे ती तशीच वाचत होती.

घरी परतताना वाऱ्याने बंदरातल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. पायऱ्या चढता चढता असिमिना म्हणाली, "यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र नाही बिघडलं, आई."

"औषधवाल्याचा काटा काय खोटं बोलतो? तूच विचारायचीस दर शनिवारी. ताट विचारलंस कधी? एकदा तरी म्हणालीस, आई, काय घातलंस आज पोरीला?"

"नाही विचारलं."

"मग?"

"मग काही नाही. ठरलं होतं ते ठरलं. सुट्टीनंतर ती शाळेत जेवेल."

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून झाम्बेताचा नातू ओरडला, "पेलागिया, आज किती?"

पेलागिया थांबली. ती पायरीवर बसली आणि तिथून हलेना. लुकिया म्हणाली, ऊठ, लोक बघतायत. असिमिना म्हणाली, ऊठ बाळा, गार दगड आहे. दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

"तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलता ना," पेलागिया म्हणाली, "तेव्हा मी इथंच असते."

खालून एक माणूस गाढवावर सिमेंटच्या गोण्या घेऊन वर आला, तेव्हा तिघींना बाजूला सरकावे लागले. तो गेल्यावर पेलागिया उठली.

"मी शाळेत जेवीन," ती म्हणाली. "पण बुधवारी आजीकडे. आजी बसली तर."

ईस्टरआधीच्या त्या पवित्र आठवड्यात असिमिना क्षणभर टेकली नाही. तिने घरासमोरच्या पायऱ्यांच्या कडांना चुना लावला, अंडी लाल रंगात उकडली, गोड पाव भाजले, ते शेजाऱ्यांना वाटून टाकले आणि पुन्हा भाजले. शुक्रवारी ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली प्रतीकात्मक शवपेटी टेकडीवरून खाली नेताना ती गर्दीत चालत होती, आणि तिला एक गोष्ट आठवली. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. कधीच आठवला नव्हता. आठवत होते ते टेबलाच्या उंचीवरचे निळे फडके, कमरेला बांधलेले. आई बसत नसे. रानभाजीचे भांडे रिकामे होईपर्यंत ती उभी असे आणि मग म्हणे, माझं झालंय मघाशीच. असिमिनाने हे कोणाला सांगितले नाही. त्याचा आपल्या स्वयंपाकघराशी काही संबंध आहे, असे तिला तेव्हा वाटले की नाही हेही कोणाला माहीत नाही. हातातली मेणबत्ती वाऱ्याने विझली, ती तिने शेजारणीच्या मेणबत्तीवर पेटवली आणि पुढे चालू लागली.

शाळा पुन्हा सुरू झाली. सोमवारी दीडला दार वाजले नाही. मंगळवारीही नाही. असिमिनाने सवयीने भांडे चढवले आणि दोन्ही दिवस ते झाम्बेताकडे नेऊन दिले.

"मला कशाला लठ्ठ करतेस गं?" झाम्बेता म्हणाली, पण तिने भांडे घेतले. आणि मग, खालच्या आवाजात, "नातवाला मी दोन ठेवून दिल्यात. ओरडायचं नाही म्हटलंय."

"ओरडतोय का अजून?"

"आता दुसरी पोरं ओरडतात."

बुधवारी पेलागिया आली. टेबलावर मसुराचे कालवण, उकडलेली अंडी, पालेभाजी आणि पावाची एक फोड होती. असिमिनाला स्वतःसाठी ताट काढावे लागले. दुपारच्या वेळी त्या टेबलावर तिचे ताट कधी मांडलेलेच नव्हते. ती खुर्चीच्या कडेला, आता उठायचेच आहे अशा बेताने बसली.

"नीट बस ना आजी."

"बसलेय की."

"उडून जाशील अशी बसलीयस."

असिमिना मागे सरकली. टेबलाखाली तिचा पाय हलत होता. हात दोनदा पावाकडे जाऊन परत आला. तिने एक घास खाल्ला. मुलगी खाते आहे आणि आपणही खातो आहोत, हे तिला चोरी केल्यासारखे वाटत होते. मग मीठ आणायचे निमित्त करून ती उठली. पेलागियाचा चमचा त्याच क्षणी वेगाने चालू लागला, डावा हात पावावर गेला. असिमिनाने ते ओट्यापाशी उभे राहून पाहिले. यंत्राने जे सांगितले त्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. या हाताने सांगितले त्यावर बसला. ती मीठ न घेताच परत आली आणि बसली. हात थांबला. पाव ताटाच्या कडेला पडून राहिला.

थोड्या वेळाने पेलागियाने ताट पुढे सरकवले. त्यात मसूर उरला होता.

"पुरे."

"पुरे?"

"हो."

"नक्की? अंडं तरी—"

"आजी."

"बरं. बरं."

उरलेले ताट दोघींच्या मध्ये निवत राहिले. असिमिनाचा हात त्याच्याकडे जात होता आणि ती तो मांडीखाली दाबून धरत होती. पेलागिया मास्तरांबद्दल सांगत होती, की त्यांनी तिला पुन्हा संघात घेतले आहे, पण मागच्या रांगेत, कारण पाय जड झाले आहेत. असिमिनाने ऐकले. ते पाय कोणी थांबवले होते, हे तिला समजत होते.

ऑक्टोबरात व्रेत्तूबाई पुन्हा आल्या. गेलेले मांस बहुतेक भरून आले होते. चरबी किंचितच उतरली होती. बाई म्हणाल्या, याला वर्षे लागतात, घाई करू नका. पेलागिया बुधवारी आजीकडे जेवते. बाकीचे चार दिवस ती शाळेतले मोजके, गार अन्न खाते, आणि ते तिला आवडत नाही. बुधवारी येताना ती पायऱ्यांनी येत नाही, मागच्या बोळाने लांबचा वळसा घालून येते, कारण पायऱ्यांवर अजून कोणीतरी "आज किती?" विचारते. तिचे वजन असिमिनाने दारोदार सांगितले आणि लुकियाने सांगू दिले. त्याबद्दल दोघींपैकी कोणीही पेलागियाची माफी मागितलेली नाही.